अंगावरून वारं गेल्यावर हातपाय आखडतायत? निदान या चुका तरी टाळा

"मॅडम, हातात ताकद यायला लागली बघा. मूठ सुटतच नाही आता!"

घरी जाऊन फिजिओथेरपी देणाऱ्या माझ्यासारखीला हे वाक्य महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतं. सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंद असतो, त्यामुळे लगेच नाही म्हणवत नाही. पण ही ताकद नव्हे. पक्षाघातानंतर सुरुवातीला लुळा पडलेला हात काही आठवड्यांत हळूहळू कोपरात वाकायला लागतो, मनगट खाली झुकतं, मूठ मिटते आणि अंगठा आत अडकतो. पाय उलट ताठ होतो, पाऊल खाली आणि आत वळतं, चालताना बोटं फरशीला घासतात. याला स्पॅस्टिसिटी म्हणतात. आम्ही आपसात 'टोन वाढलाय', म्हणजे स्नायूंचा ताण वाढलाय, म्हणतो.

होतं असं. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो, तो खेळ मज्जारज्जूचा. स्नायू ताणला की तो उलट आवळायचा, ही त्याची जुनी खोड, आणि मेंदू वरून तिला लगाम घालत असतो. मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की लगाम सैल पडतो. १९८० मध्ये जेम्स लान्स या न्यूरॉलॉजिस्टनी याची व्याख्या केली, तिच्यातला कळीचा शब्द आहे वेग. जितक्या झटक्यात ताणाल तितका स्नायू जास्त विरोध करणार. निम्म्या चुका हा एक शब्द न कळल्यामुळेच होतात.

घरी करून बघा. कोपर अगदी सावकाश सरळ करा. जातंय? आता थोडं भरभर करा. मध्येच 'खट्' अडकल्यासारखं झालं तर तो टोन. सावकाश नेऊनही एका जागेच्या पुढे जातच नसेल, तर स्नायू नाहीतर सांधा आखूड व्हायला लागलाय. मग घरगुती प्रयोग थांबवा आणि दाखवून घ्या.

तो पिवळा स्मायली बॉल

माझा या बॉलवर राग आहे, हे आधीच कबूल करते. मेडिकलमध्ये काउंटरवरच टांगलेला असतो, स्वस्त असतो, आणि काहीतरी केल्याचं समाधान देतो.

साताऱ्याकडच्या एका गावातले काका. उजवी बाजू गेलेली. मुलगा दुकान सांभाळून रोज सकाळ-संध्याकाळ वडिलांकडून दोनशे वेळा बॉल दाबून घ्यायचा, आणि शाळेच्या वहीत पाच-पाच रेघांचे गठ्ठे मांडून हिशेब ठेवायचा. चार महिन्यांची वही त्यानं माझ्यापुढे ठेवली. मी काकांची मूठ उघडली तेव्हा आधी वास आला. तळव्याची कातडी पांढरी, भिजल्यासारखी झालेली, आणि नखांच्या चार कोयऱ्या तळव्यात रुतलेल्या. "उघडत नाही म्हणून आम्ही धुतला नाही, दुखतं त्यांना," काकू हळूच म्हणाल्या.

मला त्या दिवशी ओरडायचं होतं. वही बघून ओरडवलं नाही.

ताकदीचा व्यायामच वाईट, असं मी म्हणत नाही. पण मिटणं त्या हाताला येतंच होतं, गरजेपेक्षा जास्त येत होतं. अडलं होतं ते उघडण्यापाशी. दोनशे वेळा मिटून उघडणं कसं येणार?

मूठ उघडायची माझी रीत सांगते. बोटांची टोकं धरून ओढू नका, तिथेच सगळे चुकतात. आधी मनगट खालच्या बाजूला, तळव्याकडे वाकवा. त्यानं बोटांच्या शिरा ढिल्या पडतात. मग अंगठा मुळापासून धरा, टोकाला नाही, आणि बाहेर काढा. अंगठा सुटला की बोटं निम्मी ऐकतात. मनातल्या मनात वीस आकडे मोजेपर्यंत थांबा. घाई झालीच तर हात परत मिटेल, मग पुन्हा पहिल्यापासून. कोमट पाण्यानं धुवा, बोटांच्या बेचक्यांत जुन्या सुती कपड्यानं टिपून कोरडं करा, नखं कापा. मग उघडा तळवा मांडीवर किंवा टेबलावर पसरून ठेवा. एक मालिका संपेपर्यंत राहू दे. दहा मिनिटं ताणायचं आणि उरलेला दिवस हात छातीशी दुमडून बसायचं, याचा उपयोग फार होत नाही.

त्या काकांची मूठ आज पूर्ण उघडत नाही. धुता येते, सदऱ्याच्या बाहीतून जाते, आणि दुखत नाही. चार महिने आधी भेटलो असतो तर, वगैरे मी आता बोलत नाही.

'मोकळं करून देतो'वाले

हलक्या हातानं, सावकाश तेल लावा, माझी हरकत नाही. थोडा वेळ बरं वाटतं. पण गुडघा छातीवर रोवून हात खेचणारे आणि 'कडकड वाजलं म्हणजे सुटलं' म्हणणारे मालिशवाले घरात घेऊ नका. झटका दिला की टोन आणखी चढतो. शिवाय खांद्याभोवतीचे स्नायू अशक्त असतात, त्यामुळे खांद्याचा गोळा बऱ्याचदा आधीच खोबणीतून खाली ओघळलेला असतो. त्याच हाताला धरून माणसाला पलंगावरून उठवणं हीही तीच चूक, आणि ती घरचेच करतात. हात वर ओढायला दाराला टांगलेली दोरीची पुली? काढून टाका. कबुतराच्या रक्तानं मालिश? त्यात औषध काहीही नाही, कबूतर मात्र जिवानिशी जातं.

कडकपणा अचानक वाढला की आधी कारण शोधा

ही चूक माझी स्वतःची. नारळावरून पडून मणक्याला इजा झालेला एक तरुण. रात्री पाय उडायचे, पलंग हलायचा. मी आठवडाभर स्ट्रेचिंग वाढवत बसले. एक दिवस त्याच्या आईनं मोजा काढला तर अंगठ्याचं नख मांसात रुतून पू झालेला. त्याला तिथली संवेदनाच नव्हती. दुखलं असतं तर ओरडला असता. ते ओरडणं पाय करत होते.

तेव्हापासून पायाला हात लावायच्या आधी मी विचारते: लघवीला जळजळ, कॅथेटर तुंबलाय का? पोट साफ होतंय? माकडहाडाशी जखम? नख, घट्ट बूट, चुरगळलेली चादर? गोळीचा डोस वाढवायचा विचार त्याच्या नंतर, आणि तोही डॉक्टरांनी करायचा.

गोळ्या

कडकपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी एकदम बंद करू नका. हे मला ठळक अक्षरात लिहायचंय. साधारण ५ मिलिग्रॅम तीनदा अशी सुरुवात करून ती हळूहळू वाढवतात आणि कमी करतानाही हळूहळूच करतात. 'फार झोप येते' म्हणून किंवा लग्नाला गावी जाताना पट्टी विसरली म्हणून तिच्यात खंड पडला, तर भास होऊ शकतात, झटके येऊ शकतात. टिझॅनिडीन ही त्याच कामाची दुसरी गोळी चालू असेल तर तापाला-लघवीला दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहिलंय का, ते विचारा. ही जोडी चालत नाही, रक्तदाब धोकादायक उतरतो.

आणि सगळाच ताठरपणा घालवायचा हट्ट नको. कित्येकांचा पाय त्या ताठरपणावरच उभा असतो. गोळी वाढवून तो ढिला केला की माणूस बाथरूमच्या दारात कोसळतो. ताठर स्नायू ढिला करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचंही तेच: परिणाम साधारण तीन महिने, आणि त्या तीन महिन्यांत व्यायाम केला नाही तर पैसे पाण्यात.

गरम पाण्याची पिशवी: संवेदना नसलेल्या बाजूला नकोच. फोड आल्याचं कळतसुद्धा नाही.

पाय ओढत रोज गल्लीला चार फेऱ्या: आधी नीट उभं राहायला शिका.

शेवटचं जांभईचं. जांभई देताना पडलेला हात आपोआप वर उचलला जातो, काहींच्या बाबतीत होतं असं. एका घरात त्यावर पेढे वाटले होते. पेढा मीही खाल्ला. मग आजोबांना जांभई न देता हात उचलायला सांगितलं. तो मांडीवरच राहिला. सुनेनं पेढ्यांचा डबा बंद केला आणि विचारलं, "मग आता कुठून सुरू करायचं?" मी म्हटलं, नेलकटर आणा.