वर्गमित्राची मुलाखत घेऊन व्यक्तिचित्र लिहिताय? या चुका टाळा

दरवर्षी मी अकरावीच्या वर्गाला एक काम देते. शेजारी बसणाऱ्याची अर्धा तास मुलाखत घ्यायची आणि दोनशे शब्दांत त्याचं किंवा तिचं व्यक्तिचित्र लिहून आणायचं. पुण्यातलं कॉलेज असल्यामुळे वर्गात कुणी कसब्यातलं असतं, कुणी हडपसरचं, कुणी पहाटे उठून लोणावळा लोकलनं येणारं. तरी वह्या तपासायला घेतल्या की पहिल्या वीस वह्यांत मला एकच मुलगा भेटतो. तो मनमिळाऊ असतो, हुशार असतो, त्याला क्रिकेट आवडतं आणि मोठं होऊन आईवडिलांचं नाव काढायचं असतं.

मुलं मन लावून लिहितात, हे मला माहीत आहे. पण ठरावीक जागी पाय घसरतो, आणि त्या जागा आधी दाखवल्या तर बहुतेकांचं दुसरं लेखन पहिल्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं. बारावीच्या उपयोजित मराठीत मुलाखत हा स्वतंत्र घटक येतो, तिथेही हे उपयोगी पडेल. पण मला मार्कांपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. वर्षभर ज्याच्या कोपराला कोपर लागतं, तो माणूस कोण आहे हे आपल्याला कळावं.

प्रश्नांची यादी फॉर्मसारखी होते

नाव, जन्मतारीख, शाळा, छंद, आवडता खेळाडू, ध्येय. अशी यादी घेऊन बसलात की समोरचा प्रवेश अर्ज भरल्यासारखी उत्तरं देतो. ‘छंद काय?’ या प्रश्नाला ‘वाचन’ किंवा ‘गाणी ऐकणं’ याखेरीज उत्तर येत नाही, कारण सतरा वर्षांच्या मुलाला आपण जे मनापासून करतो त्याला छंद म्हणायचं असतं हेच बऱ्याचदा ठाऊक नसतं.

त्याऐवजी दिवसाबद्दल विचारा. काल सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी काय केलंस? घरी सगळ्यात शेवटी कोण झोपतं? कॉलेज सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत काय काय होतं? ठोस प्रश्नाला उत्तरही ठोस येतं. आठ-दहा प्रश्न पुरेत, आणि त्यांतले निम्मे विचारायचे राहून गेले तर मुलाखत चांगली चालली आहे असं समजा.

दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. एका मुलीनं आपल्या मैत्रिणीला विचारलं, ‘बाबा काय करतात?’ उत्तर आलं, ‘बिझनेस.’ हिनं वहीत लिहिलं, ‘तिच्या वडिलांचा व्यवसाय आहे’, आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली.

मी वही परत दिली आणि म्हटलं, ‘कसला, एवढंच विचारून ये.’ दुसऱ्या दिवशी ती धावत आली. मैत्रिणीचं घर तांबट आळीतलं. तांब्याचं भांडं घडवताना त्यावर हातोडीनं एकसारखे ठोके पाडतात, त्याला मठारकाम म्हणतात. त्यानं भांड्याला बळकटी येते आणि ती चमकणारी नक्षीही उमटते. हे काम घरातच चालतं, दिवसभर. ‘म्हणून आम्ही सगळे मोठ्यानं बोलतो,’ मैत्रीण म्हणाली, ‘आणि फोन आला की दोन ठोक्यांच्या मधे बोलायचं.’ ती वर्गात मोठ्यानं बोलते म्हणून सगळ्यांनी तिला वर्षभर टोकलं होतं. तिच्या आवाजाचं मूळ ‘कसला?’ या एका शब्दामागे होतं.

‘म्हणजे कसं?’, ‘मग?’, ‘कधीपासून?’, ‘तेव्हा तू कुठे होतास?’ हे प्रश्न यादीत लिहून नेता येत नाहीत. ते समोरच्याच्या उत्तरातूनच निघतात, आणि त्यासाठी उत्तर ऐकावं लागतं. पुढचा प्रश्न डोक्यात घोळत असला की कान बंद होतात.

आणखी एक. समोरचा गप्प झाला की आपण घाबरून लगेच दुसरा प्रश्न टाकतो. टाकू नका. मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. बहुतेक वेळा तीनवरच तो पुन्हा बोलू लागतो, आणि आधी न सांगितलेलं सांगतो.

जिवलग मित्रच निवडला जातो

मला सगळं माहितीये असं ज्याच्याबद्दल वाटतं, त्याची मुलाखत सगळ्यात अवघड. ‘तुला माहितीये ना’ म्हणून तो अर्ध्यातच थांबतो आणि आपणही मान डोलावतो. वाचणाऱ्याला मात्र काहीच माहीत नसतं. शक्य असेल तर जिच्याशी वर्षभरात चार वाक्यांपलीकडे बोलणं झालेलं नाही तिला विचारा. मित्रच हवा असेल तर एक अट घाला: मला आधी माहीत नसलेल्या तीन गोष्टी मिळाल्याशिवाय उठायचं नाही.

जागा चुकते

कॅन्टीनमध्ये मुलाखत घेऊ नका. शेजारच्या टेबलवर ओळखीचे चेहरे असले की माणूस त्यांच्यासाठी बोलतो. वर्गातल्या बाकावरही तेच. तळजाईला किंवा हनुमान टेकडीला चालायला जा. समोरासमोर बसण्यापेक्षा बरोबरीनं चालताना जीभ लवकर सुटते. आणि परत आल्यावर लगेच, चहा घेता घेता, टिपणं लिहून काढा. दोघांचा बसमार्ग एकच असेल तर पीएमपीचा प्रवासही चालतो, खिडकीतली गावं स्वतःच विषय काढून देतात.

न विचारता रेकॉर्डिंग

मोबाइल खिशात चालू ठेवून रेकॉर्ड करणं हा विश्वासघात आहे, मग हेतू कितीही चांगला असो. आधी विचारा. ‘नको’ म्हटलं तर वही काढा. ‘चालेल’ म्हटलं तरी वही काढाच. गाडीच्या हॉर्ननं आवाज बुडतो, बॅटरी संपते, आणि अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला दीड-दोन तास जातात. ते काम पुढे ढकललं जातं, शेवटी आठवणीतून लिहिलं जातं आणि मग सगळी माणसं सारखी दिसू लागतात. टिपणात सगळं लिहायची गरज नाही. आकडे, नावं आणि त्याच्या तोंडची दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी घ्या. त्याच रात्री झोपण्यापूर्वी कच्चं लिहून काढा.

विशेषणांवर विसंबणं

‘तो अत्यंत कष्टाळू आणि जिद्दी विद्यार्थी आहे. तो रोज लांबून कॉलेजला येतो.’ हे वाक्य मी शेकडो वेळा वाचलं असेल. आता याच मुलाबद्दल दुसऱ्यांदा लिहिलेलं वाचा:

‘कामशेतहून लोकलमध्ये चढल्यावर तो दाराजवळच्या पत्र्याला पाठ लावून उभा राहतो. जागा असली तरी बसत नाही. “बसलो का झोप लागती,” तो म्हणतो, “आन् शिवाजीनगर जाऊन थेट पुणे स्टेशन येतं.” पहाटे चारला उठून तो म्हशीची धार काढतो आणि रतीब घालूनच स्टेशनवर येतो.’

यात कष्टाळू हा शब्द कुठेच नाही. लिहिणाऱ्यानं फक्त विचारलं होतं की तू लोकलमध्ये बसत का नाहीस. लेखन झालं की सगळी विशेषणं पेन्सिलनं अधोरेखित करा. प्रत्येकापाशी थांबून स्वतःला विचारा, हे मला कशावरून कळलं? जे कशावरून कळलं ते लिहा आणि विशेषण खोडा. कशावरूनच कळलं नसेल, तर ते तुमच्या मनचं आहे, तेही खोडा.

त्याचे शब्द ‘शुद्ध’ करणं

वर दिलेलं ‘झोप लागती’ एका मुलानं आधी ‘झोप लागते’ असं लिहून आणलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, तो गावाकडचं बोलतो, मी नीट केलं.’ हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण ‘नीट’ या शब्दात आपण पुण्यात राहून काय काय गृहीत धरतो ते सगळं होतं. मावळातलं, साताऱ्याकडचं, मराठवाड्यातलं बोलणं चुकीचं नसतं. अवतरणचिन्हांत आलेली वाक्यं बोलणाऱ्याची आहेत, त्यांना हात लावू नका. निवेदन तुमचं आहे, ते तुमच्या भाषेत लिहा.

याची उलटी चूकही होते. ग्रामीण वाटावं म्हणून कुणी कधीही न उच्चारलेलं ‘लई’ आणि ‘म्या’ त्याच्या तोंडी घातलं जातं. जे ऐकलं नाही ते लिहू नका. आणि ज्याची घरची भाषा कन्नड, हिंदी किंवा मारवाडी आहे, त्याला निदान एक शब्द घरचा विचारा. आईला हाक काय मारतोस, इथून सुरुवात करा.

‘त्यांचा जन्म पुणे येथे झाला’

आदरार्थी बहुवचनात वर्गमित्राबद्दल लिहिलं की तो स्मरणिकेतल्या फोटोसारखा दिसतो. बाकावर शेजारी बसणाऱ्याला ‘तो’ म्हणा, ‘ती’ म्हणा. घरच्या थोरांबद्दल मात्र एकच रूप शेवटपर्यंत ठेवा. वडील मराठीत आपोआपच बहुवचनी येतात, गडबड होते ती आईची. पहिल्या ओळीत ‘त्याची आई उठते’ आणि चौथ्या ओळीत ‘आई म्हणाल्या’ असं होऊ देऊ नका.

जन्मापासून सुरुवात करण्याचीही गरज नाही. दोनशे शब्दांत जन्म, बालवाडी, शाळा असं क्रमानं गेलात तर आजच्या माणसापर्यंत पोचेस्तोवर जागा संपते. जिथे तो तुम्हाला सगळ्यात स्पष्ट दिसला तिथून सुरू करा. ‘मी तिला विचारले असता ती म्हणाली’ ही वाक्यं सरसकट काढली तर पंचवीस-तीस शब्द सहज वाचतात. शेवटचं ‘तिच्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा’ हे वाक्य भाषणासाठी ठेवा.

ऐकलेलं तपासलं जात नाही

एका व्यक्तिचित्रात आजी आली होती. ‘बहात्तर सालच्या पानशेतच्या पुरात तिच्या आजीचं नदीकाठचं घर पाण्याखाली गेलं.’ पानशेतचं धरण फुटलं ते १२ जुलै १९६१ रोजी. १९७२ हे दुष्काळाचं साल. आजीनं दोन्ही सांगितलं असणार, नातीनं एकत्र केलं आणि लिहिणाऱ्यानं तसंच उतरवून घेतलं. त्याच परिच्छेदात आजी पुराच्या वेळी आठ वर्षांची होती आणि आज पंच्याऐंशीची होती. साधी वजाबाकी केली असती तरी काहीतरी चुकतंय हे कळलं असतं.

अशा वेळी वर्गमैत्रिणीला खोटं पाडू नका. ‘आजीला पुन्हा एकदा विचारशील का?’ एवढं म्हणा. तिनं खरंच विचारलं, आणि साल तर सुधारलंच, वर पाणी ओसरल्यावर घरातला चिखल कसा उपसला हेही आजीकडून आलं. साल पक्कं होत नसेल तर ते गाळा. ‘पानशेतच्या पुरात’ एवढ्यानं पुण्यात कुणालाही काळ कळतो.

जे सांगितलं ते सगळंच लिहिणं

ही चूक माझी स्वतःची. मी कॉलेजात असताना शेजारच्या मुलीचं व्यक्तिचित्र लिहिलं होतं. तळजाईवर चालताना तिनं मला सांगितलं होतं की वडिलांची कंपनी बंद पडली आहे आणि घरी सांगायला लाज वाटते म्हणून ते अजूनही रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात. मला तो प्रसंग फार ताकदीचा वाटला. मी तो पहिल्याच परिच्छेदात घातला. सरांना लेखन आवडलं आणि त्यांनी ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिसऱ्या बाकावर बसू लागली. मी माफी मागितली, तिनं मान हलवली, पण ती माझ्या शेजारी परत आली नाही.

मैत्रिणीला सांगितलेलं आणि वहीत लिहिण्यासाठी सांगितलेलं यांत फरक असतो. पैशाची अडचण, आजारपण, घरातली भांडणं, जात यांपैकी काहीही आलं तर तिथल्या तिथे विचारा, ‘हे लिहू का?’ आडनावावरून तर्क करून तर काहीच लिहू नका. आणि घरची परिस्थिती लिहायला होकार मिळाला तरी ‘बिचारा’ हा सूर लागू देऊ नका. तो रोज तुमच्या शेजारी बसणार आहे.

म्हणून माझ्या वर्गात आता एक नियम आहे. वही माझ्याकडे येण्यापूर्वी ज्याच्यावर लिहिलंय त्याला ती वाचून दाखवायची आणि तीन प्रश्न विचारायचे. काय चुकलंय? काय नको? काय राहिलं? पहिल्या दोन प्रश्नांनी चुका आणि मनस्ताप टळतात. तिसऱ्याला मात्र अनेकदा असं उत्तर मिळतं, जे अर्ध्या तासाच्या मुलाखतीत कुणाला सुचलंच नव्हतं.

कामशेतच्या त्या मुलाला लेखन वाचून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. लिहिणाऱ्यानं पाचपर्यंत मोजलं.

‘दुधाचं लिहिलंस ते चालंल,’ तो म्हणाला. ‘पण तिचं नाव नाही घातलंस.’

‘कुणाचं?’

‘म्हशीचं. चंद्री. धार मी सोडून कुणालाच काढू देत नाही. माझी परीक्षा असली तरी नाही.’