स्वतःच्या लकबी सांगताना आणि सहलेखकांचे आभार मानताना या चुका टाळा

आमच्या गावातील लेखकमंडळ दरवर्षी एक लहानसा दिवाळी अंक काढते आणि त्यात प्रत्येक लेखकाला कथा-कवितेखेरीज आणखी एक पान द्यावे लागते. पानाच्या वरच्या भागात स्वतःविषयीच्या, वाचकांना ठाऊक नसलेल्या पाच गोष्टी लिहायच्या आणि खालच्या भागात ज्या सहलेखकांची मदत झाली त्यांचे आभार मानायचे, अशी प्रथा आहे. ही पाने तपासण्याचे काम गेली अकरा वर्षे माझ्याकडे आहे. या काळात आमच्या कथा सुधारल्या, कवितांतील पाऊस थोडा ओसरला, परंतु या एका पानावरील चुका मात्र जशाच्या तशा राहिल्या. त्याचे कारण उघड आहे. कथेवर महिनाभर खपणारा माणूस हे पान अंक छापखान्यात जाण्याच्या आदल्या रात्री, जेवण झाल्यावर, वीस मिनिटांत उरकतो.

गुणांना लकबी म्हणणे

माझ्या दृष्टीने ही सर्वांत चिवट चूक होय. ‘मी अतिशय संवेदनशील आहे’, ‘मला खोटेपणा सहन होत नाही’, ‘हाती घेतलेले काम तडीस गेल्याशिवाय मला झोप लागत नाही’ अशी वाक्ये मला दरवर्षी येतात. ती वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात शोभतील. ज्या गोष्टीमुळे लेखकाची मान ताठ होते, ती सहसा वाचकाच्या लक्षात राहत नाही, आणि जी लिहिताना त्याला किंचित ओशाळे वाटते, तीच वाचक पुढच्या वर्षीही आठवून विचारतो.

मराठीत या बाबतीत शब्दांची वाण नाही, म्हणून ते शब्द नीट वापरावेत. छंद आपण निवडतो, सवय लागते, लकब इतरांच्या नजरेला दिसते आणि खोड त्यांना सोसावी लागते. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे आपण म्हणतो. जित्याच्या छंदाविषयी तशी म्हण कोणी केलेली नाही. तेव्हा ‘मला वाचनाची आणि भटकंतीची आवड आहे’ हे वाक्य या पानावर खुशाल गाळावे.

काही वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालेल्या एका कथाकारांनी असेच पाच सद्गुण लिहून दिले होते. मी पान परत केले, त्यांनी विशेषणे बदलून पुन्हा पाठवले, मी पुन्हा परत केले, आणि मग ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत. शेवटी त्यांच्या पत्नीनेच मला दूरध्वनी करून सांगितले की हे गृहस्थ मंडईतून भाजी आणली की तिचे व्हाउचर लिहितात, खाली स्वतः सही करतात, दुसरी सही पत्नीची घेतात आणि दोन रुपयांचा मेळ बसला नाही तर ताटावर बसत नाहीत. हे छापण्यास त्यांनी फार कष्टाने संमती दिली. प्रकाशनाच्या दिवशी त्यांच्या कथेविषयी दोघांनी विचारले आणि व्हाउचरांविषयी जवळजवळ सर्वांनी. पुढच्या वर्षी त्यांनी त्याच व्हाउचरांवर कथा लिहिली व ती त्यांची आजवरची सर्वोत्तम कथा आहे असे माझे मत आहे.

यावरून मला जी सवय लागली ती सांगतो. लेखकाने पाच गोष्टी स्वतः आठवत बसण्याऐवजी घरातील एखाद्या माणसाला विचाराव्यात, कारण आपली लकब आपल्याला दिसत नाही. घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टींपैकी जिच्यावर आपण ‘छे, असे काही नाही’ म्हणून उसळतो, ती पहिल्या क्रमांकावर लिहावी.

गोष्ट मोठी असण्याची गरज नसते. ती नेमकी असावी लागते. मराठीतील पहिला दिवाळी अंक म्हणून ज्याचा मान आहे, तो ‘मासिक मनोरंजन’चा १९०९ सालचा अंक काढणारे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. बंगालीच्या प्रेमापोटी त्यांनी चक्क बंगाली आडनाव धारण केले. ही एवढी एक गोष्ट कळली की तो माणूस जसा डोळ्यांसमोर उभा राहतो, तसा ‘बंगाली साहित्याचे व्यासंगी’ या शब्दांनी कधीच राहणार नाही.

नमुना मागणे

नवे सभासद पहिला प्रश्न विचारतात तो हाच: ‘एखादा नमुना पाठवता का?’ पूर्वी मी पाठवत असे. एका वर्षी पाठवलेल्या नमुन्यात ‘मी पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचतो’ असे वाक्य होते, आणि त्या वर्षी आलेल्या चौदा पानांपैकी चार लेखक पुस्तकाचे शेवटचे पान आधी वाचणारे निघाले. तेव्हापासून मी नमुना पाठवणे बंद केले आहे व त्याबद्दल माझ्यावर खडूसपणाचा आरोप होतो, तो मला मान्य आहे. हल्ली काही तरुण मंडळी तर स्वतःच्या लकबी काय आहेत हे मोबाइललाच विचारतात. त्याला त्या कशा ठाऊक असणार, हा प्रश्न त्यांना पडत नाही. मग पानावर पहिल्या पावसाचा मृद्गंध, गरम चहाचा कप आणि जुन्या पुस्तकांचा वास अवतरतो. घाई असलेल्या माणसाने पाचऐवजी दोनच गोष्टी द्याव्यात. त्या खऱ्या असतील तर मी उरलेल्या जागेत रेखाचित्र टाकीन.

इतर काही चुका थोडक्यात सांगतो. रचलेली लकब लिहू नये, कारण लहान गावात ती पहिल्याच चहाला उघडी पडते. दुसऱ्याची खोड स्वतःच्या पानावर सांगू नये, विशेषतः सासूबाईंची; सांगायचीच असेल तर वरच्या कथाकारांनी दिली तशी संबंधित माणसाने स्वतः संमती दिली पाहिजे. कपाटातील कपडे रंगानुसार लावणाऱ्याने ‘मला मंत्रचळ आहे’ असे गमतीने लिहू नये, कारण मंत्रचळ हा माणसाला पिळून काढणारा आजार आहे, नीटनेटकेपणाचे लाडके नाव नव्हे. आणि जन्मतारीख, आईचे माहेरचे आडनाव, पहिल्या शाळेचे नाव किंवा लहानपणच्या कुत्र्याचे नाव ही माहिती कितीही गोड वाटली तरी छापू नये. खात्याचा पासवर्ड विसरल्यावर ओळख पटवण्यासाठी नेमके हेच प्रश्न विचारले जातात.

‘त्यांच्या ऋणातच राहणे मला आवडेल’

आता पानाच्या खालच्या भागाकडे वळतो. ‘त्यांचे आभार मानून मी त्यांच्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही, त्यांच्या ऋणातच राहणे मी पसंत करतो’ हे वाक्य ज्याने प्रथम लिहिले असेल, त्याला कदाचित खरोखरच तसे वाटले असेल. त्यानंतर मात्र ते प्रत्येक स्मरणिकेत, प्रबंधात आणि दिवाळी अंकात इतक्या वेळा आले आहे की आता त्याचा अर्थ एवढाच उरला आहे: समोरच्याने काय केले हे मला आठवत नाही. त्याचीच भावंडे म्हणजे ‘ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतक’, ‘प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष साहाय्य करणारे सर्व’ आणि ‘नावे घेऊ लागलो तर यादी लांबेल’. यादी लांबली तर लांबू द्यावी. मी पान वाढवून देतो. अप्रत्यक्ष साहाय्य करणाऱ्या अज्ञात माणसाला आपले आभार मानले गेले हे कसे कळायचे, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

आभारात तीन गोष्टी असाव्यात: नाव, काम आणि ते काम ज्या रीतीने झाले ती रीत. ही काही नवी मागणी नाही. शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हा ज्ञानेश्वरीचा काळ ज्या ओवीत सांगितला आहे, त्याच ओवीत ती टीका उतरवून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आहे, ते तिचे लेखक, म्हणजे लेखनिक, झाले हे त्यांचे काम आहे आणि त्यांनी ते आदराने केले ही रीतही आहे. चार चरणांत हे सर्व बसते. आपल्याला अर्धे पान मिळूनही ‘मोलाचे सहकार्य’ या दोन शब्दांपलीकडे जाता येत नसेल, तर दोष जागेचा नाही.

सहकार्य हा शब्द दिसला की मी समासात ‘कोणते?’ असे लिहितो. बहुतेकांना उत्तर देता येते, फक्त ते त्यांनी लिहिलेले नसते. एका कवयित्रींनी ‘मोलाचे सहकार्य’ खोडून ‘माझ्या कवितेतील विहिरीला मी पावसाळ्यात तळ दाखवला होता, ही चूक ज्यांनी हळू आवाजात, चौघांत न सांगता दाखवून दिली’ असे लिहिले. ज्यांच्याविषयी ते होते त्या गृहस्थांनी तो अंक अजून दिवाणखान्यात ठेवला आहे.

माझी स्वतःची पद्धत वाण्याच्या उधारीच्या वहीसारखी आहे. वर्षभर ज्या वहीत मी लिहितो, तिच्या शेवटच्या पानावर मदत घेतली त्याच दिवशी तारीख, नाव आणि काम टिपून ठेवतो. दिवाळीच्या सुमारास आठवून लिहिणाऱ्याला नेहमी अलीकडची आणि वजनदार माणसेच आठवतात. वैशाखात संदर्भ शोधून देणारा ग्रंथालयातील कर्मचारी त्याला आठवत नाही. नावांचा क्रमही मी त्या तारखांवरूनच लावतो, त्यामुळे अध्यक्ष वर आणि कर्मचारी खाली असे आपोआप होत नाही.

गेल्या वर्षीचे पान उघडून नावे बदलणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून ती सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या मंडळातील एक ज्येष्ठ कवी निवर्तले होते व माझ्या संपादकीय ऋणनिर्देशात त्यांचे नाव ‘कै.’ लावून प्रथम आले होते. पुढच्या वर्षी वेळ कमी होता, म्हणून मी तीच फाइल उघडली, नावे बदलली आणि उपाधी तशाच राहिल्या. पहिल्या जागी आता आमच्या अंकाची मुद्रिते दरवर्षी विनामूल्य तपासणारे, वयाची ऐंशी ओलांडलेले गुरुजी होते. खरे तर ही चूक त्यांच्या नजरेतून सुटली नसती. परंतु आभार त्यांचेच असल्यामुळे प्रकाशनाच्या दिवशीच त्यांना कळावे, या हौसेने मी नेमके तेवढे पान त्यांच्यापासून लपवून ठेवले होते.

प्रकाशनाला गुरुजी पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी अंक उघडला, ते पान वाचले, खिशातून लाल पेन काढले, ‘कै.’वर शांतपणे काट मारली, समासात अक्षर गाळण्याची मुद्रितशोधनाची खूण केली, तिच्याखाली आद्याक्षरे घातली आणि प्रत माझ्या हातात दिली. ते एक शब्दही बोलले नाहीत. तीनशे प्रतींपैकी चाळीसेक प्रती तोवर विकल्या गेल्या होत्या व त्यांपैकी एक प्रत वाचून त्यांच्या भाचीचा दुसऱ्या दिवशी पुण्याहून रडत फोन आला, तो गुरुजींनी स्वतःच उचलला. उरलेल्या प्रतींवर आम्ही तिघांनी दोन रात्री बसून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. गुरुजींनी पुढच्या वर्षीही मुद्रिते तपासली, मात्र त्यांनी पहिल्यांदा मागितले ते आभाराचे पान.

तेव्हापासून आभाराचे पान मी कोऱ्या कागदावरच सुरू करतो, आणि ज्याचे आभार मानायचे त्याला त्याच्याविषयीचे वाक्य उपाधीसह फोनवर वाचून दाखवतो. यात इतरही फायदे होतात. काही स्त्रियांना ‘सौ.’ नको असते, काही वयस्क बायकांना ‘श्रीमती’ म्हणजे विधवा असाच अर्थ लागतो आणि त्या दुखावतात. कोणाला काय हवे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. वारकरी घरांत ‘कै.’ऐवजी ‘वै.’ लिहिण्याची रीत आहे, आणि मुसलमान किंवा ख्रिस्ती व्यक्तीच्या नावामागे ‘कै.’ लावणे तर चूकच आहे. ‘दिवंगत’ हा शब्द सर्वांना चालतो. शिवाय, ज्याने गुपचूप मदत केली आहे त्याला आपले नाव छापून यावे असे वाटतेच असे नाही.

भाषेच्या चुका मी निमूट दुरुस्त करतो, तरी दोन सांगून ठेवतो. ‘आभार मानू इच्छितो’ असे लिहिल्यावर गोष्ट इच्छेवरच थांबते. ‘आभार मानतो’ म्हणावे आणि मोकळे व्हावे. ‘मी त्यांचे धन्यवाद करतो’ हे हिंदी आहे. मराठीत धन्यवाद देतात.

दोन लेखकांनी एकमेकांचे इतके आभार मानावेत की उष्ट्राने गाढवाचा सूर वाखाणावा व गाढवाने उष्ट्राचे रूप, हा प्रकारही दर एक-दोन वर्षांनी घडतो. अशी दोन पाने मी समोरासमोर छापतो. पुढच्या वर्षी ते आपोआप कमी होते.

‘अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व’ ही ओळ मी गाळतो, कारण ती आगाऊ माफी मागून विसरण्याची मुभा घेते. नाव खरोखरच राहिले, तर पुढच्या अंकात ते पहिल्या जागी, कशासाठी राहिले होते त्यासह छापावे. यंदा असे एक नाव माझ्याकडे आहे. बाकीची पाने घटस्थापनेपूर्वी आली तर मला वाचायला नऊ दिवस मिळतात. दसऱ्याला आलेले पान मी न वाचता छापखान्यात देतो आणि त्यावर लेखकाचे नाव ठळक टाइपात घालतो.