चिथावणीचा बचाव घेताय? या चुका टाळा

"साहेब, त्यानं आईवरून शिवी दिली म्हणून हात उचलला." मारहाणीच्या केसमधला अशील बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतो आणि घाईतला ज्युनिअर वकील हे वाक्य जसंच्या तसं जामीन अर्जात उतरवतो. हात उचलला हे आपणच लिहून दिल्यावर पुढे "आरोपी तिथं नव्हताच" म्हणायला तोंड राहत नाही.

मुळात चिथावणीनं माणूस सुटत नाही, फक्त शिक्षा खाली येते. भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला कलम ११५(२) खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. चिथावणी सिद्ध झाली तर १२२(१) लागतं, म्हणजे महिन्याभरापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हत्यारानं केलेली साधी दुखापत, म्हणजे ११८(१), तीन वर्षांवरून याच महिन्यावर येते, आणि हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. जबर दुखापतीत मात्र सात वर्षांची जेमतेम पाच होतात. खुनाच्या आरोपात हाच मुद्दा टिकला तर प्रकरण सदोष मनुष्यवधावर येतं. पूर्ण सुटका हवी असेल तर खाजगी बचावाचा हक्क, कलम ३४ ते ४४. "तो अंगावर आला म्हणून मारलं" आणि "तो बोलला म्हणून मारलं" या दोन वेगळ्या केसेस आहेत. उलटतपासाला उभं राहण्याआधी यातली कुठली आपली, ते ठरवा.

आता सगळ्यात जास्त केसेस बुडवणारी चूक: घड्याळ न बघणं. कायद्याला चिथावणी गंभीर हवी आणि अचानकही हवी. नानावटी खटला, म्हणजे नौदल अधिकारी नानावटींनी बायकोचा प्रियकर आहुजा याला गोळ्या घातल्याची केस, सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण प्रेमप्रकरणापुरताच. २७ एप्रिल १९५९ ला बायकोनं या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, आधी आहुजाचं ऑफिस गाठलं, मग घर. दीडला घर सोडलं, गोळ्या झाडल्या चार वाजून वीस मिनिटांनी. राग शांत व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये म्हटलं आणि जन्मठेप कायम झाली. त्याच निकालात शब्द आणि हावभावही कधीकधी चिथावणी ठरू शकतात असं म्हटलंय. ती ओळ सगळे वाचतात, वेळेची ओळ सोडून देतात.

बांधावरच्या भांडणाचं तेच. हातात आधीच असलेलं खोरं मारलं तर बोलायला जागा आहे. घरी जाऊन कोयता आणला की ती जागा संपली. म्हणून कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारा. शिवी किती वाजता, वार किती वाजता, मध्ये आरोपी कुठे गेला, हत्यार कुठून आलं. फिर्याद, पंचनामा आणि एमएलसी (दवाखान्यातली वैद्यकीय-कायदेशीर नोंद) यांवरची वेळ त्याच रेघेवर लिहा. वीस मिनिटांचं काम आहे, पण तयार मसुदा डाउनलोड करणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो.

कलमांचे आकडे तपासा. जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ३५२ म्हणजे हमला, आता तो १३१ मध्ये आहे. नव्या संहितेतलं ३५२ म्हणजे शांतताभंगासाठी केलेला अपमान, जुनं ५०४. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भादंविच लागतो, खटला आज चालला तरी.

नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. शब्द चिथावणी ठरू शकतात, हा मुद्दा निराळा. दोन्हींची खिचडी करू नका.

आरोपीनंच खोडी काढली असेल तर हा बचाव विसरा. वाहतूक पोलिसानं कायदेशीर पावती फाडली, ही चिथावणी नाही.

सिद्ध करायचा भार आपल्यावर आहे, साक्ष अधिनियमाचं कलम १०८. पण संभाव्यतेचं पारडं झुकलं, म्हणजे आपलं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त वाटली, तरी पुरतं. आरोपीला पिंजऱ्यात उभं करण्याची घाई नको, सरकारी साक्षीदाराच्या तोंडूनच शिवी काढून घ्या. आणि नेमके शब्द रेकॉर्डवर आणा. "अश्लील शिवीगाळ केली" एवढ्यावर शिवी किती गंभीर होती हे कोर्टाला कळणार कसं?

मार मध्यस्थाला लागला असेल तर १२२ मागण्याआधी कलम पुन्हा वाचा. चिथावणी देणाऱ्याखेरीज दुसऱ्याला इजा करण्याचा हेतू नव्हता, आणि तशी इजा होईल याची जाणीवही नव्हती, हे दाखवावं लागतं. गर्दीत काठी फिरवणाऱ्यासाठी ते अवघड जातं.