सोनकीचा आढळ कसा नोंदवावा

भाद्रपदात गडावरून उतरणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये सोनकी असते. हरिश्चंद्रगड, राजगड, सिंहगड, कासचं पठार, सगळीकडे उतार पिवळे झालेले असतात. सोनकी, म्हणजे सेनेसिओ बॉम्बेएन्सिस, ही सूर्यफुलाच्या कुळातली सह्याद्रीची आपली वनस्पती. ती कुठे कुठे फुलते याच्या नोंदी आपण फिरणाऱ्यांनीच ठेवायला हव्यात. पण 'सप्टेंबर, डोंगर आणि पिवळं फूल म्हणजे सोनकी' हा सल्ला कुणी दिला तर तो तिथेच सोडून द्या. आढळाच्या बहुतेक चुकीच्या नोंदी त्यातूनच होतात.

भिंग, वही, पूर्ण चार्ज केलेला फोन घ्या आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत निघा. झाड दिसलं की आधी जागेचे अक्षांश-रेखांश आणि उंची टिपा.

आता ओळख. मी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो, कारण इथेच मी सपशेल चुकलो होतो. एका डोंगरउतारावर सलग पिवळं दिसलं, मी लांबूनच बारा ठिकाणी 'सोनकी' लिहून मोकळा झालो. दिवाळीच्या सुमारास त्याच वाटेने परत गेलो, एक वाळलेलं बोंड तळहातावर चुरडलं आणि काळेभोर, चकचकीत दाणे पडले. घरात चटणीला वापरतो तेच कारळे! डोंगराळ भागात या कारळ्यांची, म्हणजेच खुरासणीची शेतं असतात आणि शेत पडीक राहिलं तरी पुढे ती आपोआप उगवते. बाराही नोंदी खोडाव्या लागल्या.

तेव्हापासून माझा नियम एकच: फूल उलटं करून पाहिल्याशिवाय नाव लिहायचं नाही. फूल तोडायचं नाही, देठाला हात लावून हलकेच वळवायचं. ज्याला आपण एक फूल म्हणतो तो खरं तर कितीतरी फुलांचा गुच्छ असतो, कडेला पाकळीसारखी फुलं आणि मध्ये बारीक नळीसारखी. त्या गुच्छाच्या पाठीमागे हिरवी वाटी असते. सोनकीच्या वाटीची पानं एका ओळीत, सारख्या उंचीची, कुंपणाच्या फळ्यांसारखी शेजारी शेजारी उभी असतात. फार तर अगदी तळाशी एखाद-दोन बारके खवले दिसतात. कारळ्याच्या वाटीला बाहेरून रुंद, खऱ्या पानांसारखी हिरवी पानं पसरलेली असतात. बागेतून सुटून रस्त्याकडेला पसरलेल्या पिवळ्या-केशरी कॉसमॉसची वाटीही दुहेरी असते, बाहेर अरुंद हिरवी आणि आत पातळ पडद्यासारखी पानं. भिंगातून एकदा तिन्ही शेजारी शेजारी पाहा, पुन्हा गफलत होत नाही.

मग खोडावरची पानं. सोनकीची पानं एकाआड एक येतात. कारळे आणि कॉसमॉस यांची खालची पानं समोरासमोर असतात. मधूनच तुटलेला शेंडा पाहून फसू नका, खोड खालपर्यंत पाहा. पाकळ्या मोजून ओळखा असं काही जण सांगतात. मी ते कधीच ऐकत नाही, एकाच झाडावर आकडा बदलतो.

तरीही शंका राहिली तर थोडं सुकलेलं फूल शोधा. मधल्या फुलांच्या बुडाशी म्हातारीसारखे पांढरे, रेशमी केस दिसले तर सोनकीचा कौल. कारळ्याच्या दाण्याला केस नसतात, कॉसमॉसच्या बीला लांब चोच असते.

इतकं जमलं तरी प्रजातीच्या नावाची घाई करू नका. सह्याद्रीत सेनेसिओ या वंशाच्या आणखीही प्रजाती आहेत आणि त्यांतला फरक अनुभवी माणसालाही फोटोवरून करता येतोच असं नाही. खात्री नसेल तर 'सेनेसिओ' एवढंच लिहा. ही नोंद खरी असते, अंदाजाने घातलेलं पूर्ण नाव मात्र पुढच्या अभ्यासकाला चकवतं.

फोटो चार घ्या: फूल समोरून, फूल पाठीमागून, खोडावरची पानं, आणि संपूर्ण झाड आजूबाजूच्या जागेसह. जमीन जांभ्याचा सडा, म्हणजे सपाट उघडा खडक आहे की मातीचा उतार, तेही लिहा. 'आयनॅचरलिस्ट' या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना चारही एकाच नोंदीत ठेवा.

पठारावर पायवाट सोडून आत शिरू नका. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, पण नियम सगळ्याच सड्यांना लागू पडतो. पातळ मातीवरची रोपं एका पावलाखाली जातात.

आणि सोनकी न दिसलेल्या जागाही लिहा. तारीख, ठिकाण, 'शोधली, नाही सापडली'. आढळाची हद्द कुठे संपते हे अशाच नोंदींवरून कळतं, आणि त्या जवळजवळ कुणीच ठेवत नाही.