निसर्गाचा फोटो: ठेवायचा की उडवायचा?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझं फोटो प्रिंटिंगचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. लग्नाचे अल्बम, पासपोर्टचे फोटो, वर्षश्राद्धाला हार घालायचे मोठे फोटो, हे सगळं पोटापाण्याचं. पाऊस उघडीप द्यायला लागला की वेगळी गिऱ्हाइकं सुरू होतात. पन्हाळा, मसाई पठार, दाजीपूर, गगनबावडा करून आलेली. पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "ह्यातला कुठला मोठा करू, तेवढं सांगा."

अशाच एका सप्टेंबरात एक साहेब मसाई पठाराचा फोटो घेऊन आले. २४ बाय ३६ इंची कॅनव्हासवर पाहिजे होता, हॉलमध्ये सोफ्यामागं लावायला. फोटोत वर निम्मं पांढरं आभाळ, खाली निम्मं हिरवं पठार आणि त्यात फुलांचे ठिपके, सांडलेल्या साबुदाण्यासारखे. मी विचारलं, "साहेब, तिथं उभारल्यावर तुम्हाला काय आवडलं?" ते म्हणाले, "वारा हो! उभारू देत नव्हता." आता वारा त्या फोटोत कुठंच नव्हता. मी म्हटलं, त्या दिवसाचे बाकीचे दाखवा. नव्हतेच, खराब म्हणून उडवलेले. फोनच्या कचऱ्याच्या फोल्डरमधनं परत काढले, तर त्यात एक सापडला. गुडघ्याच्या उंचीवरनं घेतलेला, गवत सगळं एका अंगाला झोपलेलं आणि जरा हललेलं, मागं जांभ्या दगडाची काळी कड. हललाय म्हणून त्यांनी तो उडवला होता. वारा त्या हलण्यातच होता. तोच कॅनव्हासवर गेला.

तेव्हापासून मी सगळ्यांना पहिलं हेच विचारतो, आणि तुम्हीही स्वतःला हेच विचारा: कॅमेरा डोळ्याला का लावला होता? उत्तर एका शब्दात आलं पाहिजे. धुकं, ऊन, शांतता, उंची, काहीही. मग बघायचं, तो शब्द फोटोत उतरलाय का. "सगळंच छान होतं" असं उत्तर आलं, तर तो फोटो बहुतेक आठवणीचा आहे. आठवणीचे फोटो उडवायचे नाहीत बरं का. ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे. भिंतीवर किंवा स्पर्धेला न्यायचे नाहीत, एवढंच.

अडचण अशी की घेणाऱ्याला स्वतःच्या फोटोत नसलेलंही दिसतं. आपण पहाटे चारला उठलेलो असतो, थंडीत बोटं आखडलेली असतात, गाडीनं येऊन टपरीवर चहा मारलेला असतो. ते सगळं फोटोबरोबर डोळ्यापुढं येतं. म्हणून त्याच रात्री निवड करू नका. आठ-दहा दिवस जाऊ देत. आणि कॅमेऱ्याच्या मागच्या तीन इंची पडद्यावर तर काहीच उडवू नका; तिथं हललेला फोटो धारदार दिसतो आणि उन्हात चांगला फोटो काळा दिसतो.

आता माझाच एक सांगतो. डिसेंबरातली गोष्ट. जोतिबाच्या डोंगरावर सूर्योदयाला गेलो होतो. गुऱ्हाळं सुरू झालेली, खाली केर्ली-वडणग्याच्या बाजूला ऊसपट्ट्यात गुळाचं चुलवाण पेटलेलं. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावर उबदार हवेचा थर असतो. धूर सरळ वर चढतो आणि त्या थराला टेकला की आडवा पसरतो, ताटात आमटी पसरावी तसा. असले तीन धूर, तिन्ही एकाच उंचीवर वळलेले. ७४ फोटो काढले. घरी आलो तेव्हा मला खात्री होती की त्यातला ४१ नंबरचा आयुष्यातला सगळ्यात भारी फोटो आहे. सूर्य डोंगरामागनं वर आलेला, सगळं खोरं, पंचगंगेची चंदेरी रेघ, अलीकडं दगडी बांध, सगळं एकात.

दहा दिवसांनी दुकानातल्या पोराला दाखवला. त्याचं बघून झालं आणि म्हणाला, "मामा, सूर्य चांगलाय." धुराचं नावच नाही. मी ज्याच्यासाठी ७४ वेळा बटण दाबलं, ते त्याला दिसलंच नाही. सूर्यानं सगळी नजर ओढून घेतली होती. शिवाय बांधावर गुटख्याची चकचकीत पुडी होती, ती मला तोपर्यंत दिसली नव्हती. आता दुसरं काही दिसत नाही.

मग त्याच्यापुढं ५८ नंबर उघडला. लांबच्या लेन्सनं घेतलेला, सूर्य चौकटीबाहेर, फक्त तीन धूर आणि एक आंब्याचं झाड. फोटो मळकट होता, पिवळट, जरा वाकडा, वरच्या कोपऱ्यात विजेची तार. पोरगं पुढं वाकलं आणि म्हणालं, "हे धूर असं काय वळलंय?" बस. जो तिथं नव्हता त्याला प्रश्न पडला, म्हणजे फोटो ठेवायचा. बाकी सगळं दुरुस्त होतं.

माणूस जवळ नसेल तर दोन युक्त्या आहेत. फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा छोटा करा. त्या आकारातही मुख्य गोष्ट ओळखू येत असेल तर रचना पक्की. दुसरं, फोटो उलटा करा, पायाकडची बाजू वर. मग डोंगर डोंगर राहत नाही, नुसते काळे-पांढरे आकार राहतात, आणि कुठल्या बाजूला वजन जास्त झालंय ते कळतं. चित्रकार लोक असं पूर्वीपासून करतात. कोल्हापुरात राहून निसर्गचित्रं बघितली नसतील तर टाऊन हॉल म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची बघून या. १९३१ साली गेलेला हा माणूस कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा इथंच फिरून रंगवायचा. मी तिथं जातो ते एवढंच बघायला, की त्यांनी काय काय गाळलंय. आपल्या कॅमेऱ्याला गाळता येत नाही, ते आपल्याला करावं लागतं.

काही दोष मात्र सुधारत नाहीत, त्यावर रात्र घालवू नका. फोकस चुकलेला, नको तिथं हात हललेला, आणि पांढरं फट्ट पडलेलं आभाळ. तिथं पिक्सेलमध्ये, म्हणजे फोटोच्या ठिपक्यांत, काही नोंदलेलंच नसतं, तर काढणार कुठनं? अंधारातलं बरंच वर काढता येतं, थोडे दाणे येतात, पण चालतं. म्हणून ऊन-सावलीच्या जागी फोटो जरा काळसर घ्यावा. आणि रॉ मध्ये घ्यावा, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेलं सगळं कच्चंच ठेवणाऱ्या फाइलमध्ये. जेपेगमध्ये, म्हणजे नेहमीच्या दाबून छोट्या केलेल्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिट रॉ मध्ये १६,३८४. एडिट करताना आभाळ जास्त गडद-उजळ ओढलं की पट्टे का पडतात, ते यात आलं.

५८ नंबरला मी काय केलं ते क्रमानं सांगतो. आधी सरळ केला. मग कापला, डावीकडची रिकामी जागा काढली आणि त्यातच वरची तारही गेली. कापण्यानं जे जातं त्याला डाग पुसायचा हीलिंग ब्रश कशाला? मग रंग. कॅमेऱ्यानं पहाटेची निळाई स्वतःच्या अकलेनं काढून टाकली होती, व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोचा निळा-पिवळा तोल, थोडा निळ्याकडं नेल्यावर थंडी परत आली. मग डीहेझ, धुरकटपणा कमी करायची पट्टी. इथं मोह होतो. धुरकट फोटोत डीहेझ ओढलं की पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं, पण माझा विषयच धूर! ५ वर ठेवलं. जास्त ओढलं की डोंगराच्या कडेला पांढरी किनार येते, ती दिसली की मागं यायचं. उसाचं हिरवं डिजिटलमध्ये पोपटी होतं, त्या एका रंगाची तीव्रता कमी केली. शेवटी फक्त तिन्ही धुरांवर ब्रश फिरवून ते चिमूटभर उजळ केले आणि झाडाचं बूड जरा काळं केलं. सगळं मिळून वीस मिनिटं. एवढ्यात जमलं नसतं तर निवड चुकली असं समजून दुसरा उघडला असता. यातलं बरंचसं मोबाईलवर स्नॅपसीड ॲपमध्येही होतं, फुकट.

सरळ करण्यावरनं आठवलं. रंकाळ्याचे फोटो लोक हमखास चुकीचे सरळ करून आणतात. पलीकडचा काठ आपल्यापासनं तिरका लांब जात असेल तर तो फोटोत तिरका दिसणारच. त्याला आडवा केला की पाणी कलतं. काठ सोडा, एखादा दिव्याचा खांब आणि त्याचं पाण्यातलं प्रतिबिंब बघा. ती दोन्ही एका उभ्या रेषेत आली की पाणी सपाट.

आभाळ बदलून द्या, अशी मागणी फार येते. पूर्वी द्यायचो. मग एकदा लक्षात आलं की गावात तीन घरांच्या हॉलमध्ये एकच ढग लटकतोय, एकाकडं पन्हाळ्यावर, एकाकडं राधानगरीच्या पाण्यावर, एकाकडं चक्क गोव्यात. तिन्ही घरं एकमेकांच्या नात्यातली! तेव्हापासून बंद केलं. आभाळ रिकामं असेल तर ते कापून फोटो लांबट करा. लांबट चौकटीत डोंगररांग छान बसते.

फोटो तयार वाटला तरी लगेच मोठा करू नका. "प्रिंट काळी आली" ही माझ्याकडची रोजची तक्रार. रात्री अकराला दिवा बंद करून, कॉम्प्युटरचा पडदा पूर्ण उजळ ठेवून एडिट केलेलं असतं. पडद्याच्या मागं दिवा असतो, कागदाच्या मागं भिंत. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणा आणि दिवसा बघा. मापाचंही बघा. १२ बाय १८ इंचांसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, २४ मेगापिक्सेलवाल्याला ते आरामात होतं. मोबाईलचा फोटो मात्र ४ ला ३ असतो, त्यामुळं १८ इंच रुंद केला की उंची साडेतेरा भरते आणि दीड इंच कापावंच लागतं. ते कुठनं कापायचं हे तुम्ही ठरवून या, नाहीतर मशीन वरनं-खालनं सारखं कापतं आणि शिखराचं टोक जातं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो वाटेत वाळून येतो.

आधी ४ बाय ६ काढा. दहा-पंधरा रुपयांचं काम. फ्रिजला किंवा कपाटाच्या दारावर चिकटवा आणि जाता-येता बघत राहा. माझ्या ५८ नंबरवर चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, ते झाड फारच कडेला गेलंय." खरंच गेलं होतं. थोडी जागा परत सोडली, मग १२ बाय १८ काढला. आता तो दुकानात बिलाच्या टेबलावर आहे.

मागच्या बाजूला जागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. हा कागद प्लास्टिकचा लेप दिलेला असतो. त्यावर पेन्सिल उठत नाही, आणि बॉलपेन दाबलं तर पुढं वळ येतो. सीडीवर लिहायचं मार्कर वापरा, हलक्या हातानं, कडेला. आणि वाळल्याशिवाय दुसऱ्या प्रिंटवर ठेवू नका, खालच्यावर छाप पडते.