परदेशी श्रोत्यांसमोर आपला दाखला कसा द्यावा

पुण्याच्या ऑफिसातून बर्लिनच्या टीमशी बोलताना कुणी म्हणतं, "आता शेवटच्या ओव्हरमध्ये बारा रन हव्यात." तिकडचे सभ्यपणे हसतात आणि पुढच्या स्लाइडची वाट पाहतात. आपल्याला वाटतं, मुद्दा पोचला. पण क्रिकेट माहीत नसलेल्यांना दाखला कळलेलाच नसतो.

म्हणून सुरुवात चौकशीपासून करा. श्रोते कोणकोणत्या देशांतले आहेत आणि दुभाषी असणार आहे का, हे आयोजकांना विचारून घ्या. लंडन, सिडनी, कोलंबोला क्रिकेट बिनधास्त चालतं. जर्मनी किंवा ब्राझीलमध्ये नाही. पण त्यावर उपाय म्हणून बेसबॉल उसना आणू नका. कधी न पाहिलेल्या खेळाबद्दल बोलणारा माणूस लगेच उघडा पडतो. जपानी लोकांना सामुराई ऐकवणंही त्यातलंच.

दाखला आपलाच घ्या, फक्त तो सगळ्यांच्या अनुभवातल्या गोष्टीवर उभा हवा. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत, ११ सप्टेंबरच्या भाषणात, विवेकानंदांनी शिवमहिम्न स्तोत्रातल्या ओळी इंग्रजीत सांगितल्या. स्तोत्राचं नाव नाही, ते रचणाऱ्या पुष्पदंताची कथा नाही. लहानपणापासून म्हणत आलोय आणि लाखो लोक रोज म्हणतात, एवढीच ओळख. मग थेट ठिकठिकाणी उगम पावून समुद्राला मिळणारे प्रवाह. नद्या काय, अमेरिकेतही आहेतच! चार दिवसांनी त्यांनी विहिरीतल्या बेडकाची गोष्ट सांगितली, तिला तर ओळखीचीही गरज नव्हती.

आता हेच आपल्या भाषणात करायचं. समजा, साध्या खुणांवर मोठी यंत्रणा कशी चालते हे सांगायला तुम्ही डबेवाले आणताय. (दाखला वापरून वापरून गुळगुळीत झालाय, पण नीट सांगितला तर अजून चालतो.) "मुंबईचे जगप्रसिद्ध डबेवाले" अशी सुरुवात नको. असं सांगा: "मुंबईत ऑफिसला जाणाऱ्या कितीतरी लोकांना दुपारी घरचं जेवण हवं असतं. पण सकाळच्या लोकलमध्ये हात हलवायला जागा नसते. म्हणून डबा मागाहून येतो." मग झाकणाचा फोटो दाखवा. त्यावर 'व्हीएलपी' म्हणजे विलेपार्ले, ३ हा उतरायच्या स्टेशनचा आकडा आणि '९ ईएक्स १२' म्हणजे तिथला नऊ नंबरचा डबेवाला, एक्सप्रेस टॉवर्स, बारावा मजला. ना गिऱ्हाईकाचं नाव, ना रस्त्याचं. इथे थांबा आणि लगेच स्वतःच्या मुद्द्यावर या.

१८९० सालची सुरुवात, २००३ मधली प्रिन्स चार्ल्स यांची भेट हे सगळं आपल्या अभिमानाचं आहे. मुद्द्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. "अमुक लाख डब्यांत एकच चूक" हा फॉरवर्डमधला आकडा तर वगळाच. प्रश्नोत्तरात कुणीतरी तो कुठून आला हे विचारणारच.

पुढची पायरी बारीकसारीक गळती शोधण्याची. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हे स्लाइडवरच बदलून टाका. "दिवाळीनंतर" ऐवजी तारीख द्या. "उन्हाळ्यात" म्हणालात तर सिडनीचा माणूस डिसेंबर धरेल, आणि "पहिली तिमाही" म्हटल्यावर आपल्याला एप्रिल दिसतो तर बऱ्याच जणांना जानेवारी. देवधर्म, जात, राजकारण यांवरचे विनोद घरी ठेवा.

दुभाषी असेल तर दाखला आदल्या दिवशी लिहून त्याच्या हाती द्या. आयत्या वेळी आलेल्या म्हणीचं तो बिचारा काय करणार? हेडफोन लावलेल्यांचं हसू काही क्षण उशिरा येतं. तोवर पुढचं वाक्य सुरू करू नका.

शेवटी तालीम. इकडचा गंध नसलेला परदेशी सहकारी गाठा, नाहीतर न्यू जर्सीत वाढलेला भाचाही चालेल. दाखला एकदाच ऐकवा आणि थोड्या वेळाने त्याच्या शब्दांत सांगायला लावा. त्याने जे गाळलं ते तुम्हीही गाळा. गोष्ट आठवली आणि मुद्दा निसटला, तर दाखलाच बदला.