‘एन्टोले’चा अर्थ लावताना या चुका टाळा

बायबलच्या नव्या करारात आपण ‘आज्ञा’ वाचतो तिथे मूळ ग्रीकमध्ये बहुतेक वेळा ‘एन्टोले’ असतो. अभ्यासवर्गात नवी मंडळी येतात आणि या शब्दापाशी त्याच त्या चुका करतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे शब्दाची फोड करून अर्थ काढणे. एका तरुणाने ॲपमध्ये स्ट्राँग्स क्रमांक (बायबलच्या प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला सूची-क्रमांक) 1785 दाबला, ‘एन म्हणजे आत, टेलोस म्हणजे अंतिम ध्येय’ असे कुठेतरी वाचले आणि रविवारी भर उपासनेत सांगितले की, एन्टोले म्हणजे हुकूम नव्हेच, देवाने माणसाच्या आत ठेवलेले ध्येय! लोक भारावून गेले. नंतर मी त्याला योहान 11:57 उघडायला लावले. येशू कुठे आहे हे ज्याला ठाऊक असेल त्याने कळवावे, म्हणजे त्याला धरता येईल, असा हुकूम मुख्य याजकांनी आणि परूश्यांनी सोडला होता. तिथेही शब्द एन्टोलेच. हेही देवाने ठेवलेले ध्येय का? त्याच्याकडे उत्तर नव्हते. लूक 15:29 मध्ये थोरला मुलगा बापाला म्हणतो, तुमची आज्ञा मी कधी मोडली नाही. प्रेषितांची कृत्ये 17:15 मध्ये सीला आणि तीमथ्य यांनी लवकर यावे, अशी पौलाची सूचना आहे. तिन्हीकडे हाच शब्द. अर्थ साधा आहे: अधिकाराने दिलेली आज्ञा. तिचे वजन ठरते ते देणारा कोण यावरून.

मी आधी सगळी वचने वहीत उतरवतो; शब्दकोश शेवटी. वेळ जातो, जाऊ द्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खे बायबल मराठीत आणले; आपल्याला एका शब्दासाठी एक संध्याकाळ देववत नाही, याचे मला वाईट वाटते.

दुसरी चूक: एन्टोले दिसला की थेट सीनाय पर्वत गाठणे, म्हणजे तिथे मोशेला मिळालेल्या दहा आज्ञाच समजणे. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात निर्गम 34:28 मध्ये दहा आज्ञांसाठी ‘लोगोस’ आहे, म्हणजे दहा वचने. मत्तय 19 मध्ये येशू ‘आज्ञा पाळ’ म्हणतो तेव्हा त्यांतल्या काही मोजून दाखवतो, हे खरे. पण तिथेच तो लेवीय 19:18 मधली शेजाऱ्यावरची प्रीतीही जोडतो. योहान 13:34 मधली ‘नवी आज्ञा’ तर एकमेकांवरील प्रीतीचीच. तेव्हा ‘माझ्या आज्ञा’ कोणत्या, हे त्या त्या अध्यायातच शोधा.

एन्टोले आणि नोमोस (नियमशास्त्र) एकच समजू नका. रोमकरांस 7:12 मध्ये पौल नियमशास्त्र आणि आज्ञा यांची नावे वेगवेगळी घेतो.

प्रत्येक ‘आज्ञा’ एन्टोले नसते. 1 तीमथ्य 1:1 मध्ये ‘एपिटागे’ हा वेगळाच ग्रीक शब्द आहे.

आणि फक्त नाम शोधून थांबू नका. मत्तय 28:20 मध्ये ‘जे काही मी तुम्हांला आज्ञापिले’ तिथे याच शब्दाचे क्रियापद आहे, ‘एन्टेल्लोमाय’, आणि नामाच्या क्रमांकाने शोधलेत तर ते सापडणार नाही.